१९७१ च्या युद्धातली शाळा: घरातल्या ज्येष्ठांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

तेव्हा पाचवीत असलेली मुलं आज पासष्टीच्या आसपास आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

आधी शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा. त्यावरच्या जन्मतारखेवरून इयत्ता पक्की होते. सगळ्यात जास्त घोळ होतो तो १९६५ आणि १९७१ मध्ये. ऋतू विचारला की बहुतेक वेळा उलगडा होतो. १९६५ ची लढाई २३ सप्टेंबरला थांबली, म्हणजे पावसाळा सरता सरता. १९७१ ची ३ ते १६ डिसेंबर, दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरची, थंडीतली. “टीव्हीवर पाहिलं” असं मुंबईतलं कुणी म्हणालं, तरी तिथेच टोकू नका. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा ती आठवण नंतरची असणार. वहीत खूण करा आणि पुढच्या बैठकीत रेडिओचा विषय काढा.

फोन एअरप्लेन मोडवर टाका, घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद. टेबलावर नुसता ठेवलात तर कपबशीचा प्रत्येक आवाज त्यात येतो. वेव्ह फॉरमॅटमध्ये मोनो ध्वनिमुद्रणाला तासाला सुमारे ३०० एमबी लागतात. तेवढी जागा आधीच मोकळी करा. एका बैठकीला ४५ मिनिटं पुरेत.

“भीती वाटली का?” असं विचारलं की “हो” एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा वस्तू विचारा: खिडकीच्या काचांवर काय चिकटवलं होतं? ब्लॅकआउटमध्ये गृहपाठ कुठे बसून केला? भोंगा झाला की बाई वर्गाला कुठे न्यायच्या? खालीवर होणारा भोंगा धोक्याचा, एकसुरी म्हणजे धोका टळला. हा फरक ज्यांना आठवतो, त्यांना पुढचंही बरंच आठवतं. जुनी पत्रं असतील तर हातात द्या. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्राला निर्वासितांच्या मदतीसाठी ५ पैशांचं जादा तिकीट लागायचं. ते दिसलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

शांतता पसरली तर मनात दहा आकडे मोजा, मध्ये बोलू नका. खरी आठवण बहुधा त्यानंतरच येते. भावंडांना मात्र वेगळं बसवा. एकत्र असली की मोठा सांगतो आणि धाकटी मान डोलावते.

फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. लिहून काढताना त्यांची बोली तशीच राहू द्या. तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास लागतात.