दगा देणारी जुनी गाडी कोल्हापुरात सांभाळायची कशी

हे त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांच्या दारात जुनी कार्बुरेटरची (इंजिनला पेट्रोल नि हवा मिसळून देणारा जुना भाग) गाडी उभी आहे, वडलांची म्हणून विकवत नाही, आणि कुठं जायचं म्हटलं की घरचे आधी एसटीचं टायमिंग बघतात. आमच्याकडं अशा दोन होऊन गेल्या, एकीला झाकावी नि दुसरीला काढावी. कंपन्यांची नावं घेत नाही, उगाच वाद नको.

आधी हे ओळखा की गाडी बिघडलीय का मुळातच तशी बनवलीय. बिघाड मिस्त्री काढतो, डिझाइन मिस्त्रीचा बापपण काढू शकत नाही. आमच्या एका गाडीची स्टेपनी डिकीच्या खाली बाहेरनं टांगलेली, म्हणजे पंक्चर झालं की भर चिखलात आडवं पडून गंजलेला नट सोडवायचा, आणि तोही डिकीतलं सगळं सामान बाहेर काढल्यावर, कारण पाना सामानाखाली. ह्याला रिपेर काय करणार? मे महिन्यात नट सोडवून ग्रीस लावायचं, पाना सीटखाली ठेवायचा, डिकीत एक पोतं टाकायचं अंगाखाली घ्यायला. विषय संपला.

आता घाट. कोकणातनं वर येताना करूळ घाटात नाहीतर आंबा घाटात गाडी बंद पडली की सगळे म्हणतात "गरम झाली", पण त्यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि उपायपण वेगळे. टेम्परेचरचा काटा वर गेला असेल तर रेडिएटरचं पाणी जादा तापलंय. काटा चढायला लागला की लगेच एसी बंद, काचा खाली आणि हीटर फुल्ल. मे महिन्यात हीटर लावलेला बघून मागं बसलेली मंडळी शिव्या घालतील, घालू दे, हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची उष्णता तिकडनं बाहेर पडते. तरी नाही उतरला काटा तर बाजूला घ्या आणि बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना अजिबात उघडायचं नाही, आत प्रेशर असतं म्हणून पाणी शंभर डिग्रीच्या वर जाऊनपण उकळत नाही, झाकण फिरवलं की प्रेशर जातं आणि तेच पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा तास तरी थांबा.

काटा जागेवर आहे तरी गाडी आचके देऊन बंद पडली, तर बहुतेक वेपर लॉक. जुन्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला असतो, तापला की पाईपमधल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला वाफ ओढता-ढकलता येत नाही आणि कार्बुरेटर कोरडा पडतो. बॉनेट उघडा, पंपावर आणि पाईपवर ओलं फडकं टाका, पंधरा-वीस मिनिटं बसा. सारखा सेल्फ मारून बॅटरी उतरवू नका, नाहीतर एकाचे दोन प्रॉब्लेम होतात. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय, त्यानं जुने रबरी पाईप चिरतात, ते इथेनॉलला चालणारे टाकून घ्या आणि पेट्रोलचा वास आला की दुर्लक्ष करू नका.

पावसाचं दुखणं वेगळंच. गगनबावड्याकडं पाऊस किती असतो सांगायला नको, तिथं डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक स्पार्क प्लगला ठिणगीचा करंट वाटणारा डबा, ओला झाला की खेळ खल्लास. हे फक्त आपल्याकडंच नाही बरं का, १९५९ साली ब्रिटनमध्ये आलेल्या मिनीचा डिस्ट्रिब्युटर पुढच्या जाळीच्या लगेच मागं होता, पावसात भिजून गाडी बंद पडायची. तिथल्या लोकांनी भांडी घासायचा रबरी हातमोजा त्याच्यावर चढवला आणि बोटांची टोकं कापून वायरी बाहेर काढल्या! आपल्याकडंपण चालतं. डिस्ट्रिब्युटरची कॅप आतनं कोरड्या फडक्यानं पुसायची, बारीक चीर दिसली तर बदलायची. डिस्ट्रिब्युटरच्या पॉईंटचा (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे) एक सेट आणि त्याच्याबरोबरचा कंडेन्सर डॅशमध्ये कायम ठेवा.

गाडी लावताना उतार बघून लावा. धक्क्यावर चालू करायची तर चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवा, गाडीनं वेग घेतला की क्लच झटक्यात सोडा, इंजिन पकडलं की लगेच परत दाबा. बॅटरी पूर्ण मेली असेल, डॅशवरचा दिवापण लागत नसेल, तर ढकलून उपयोग नाही, ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या कॉइलला वीजच मिळत नाही. ढकलायला माणसं लागतात, त्या बाबतीत आपण नशीबवान, पेठेत एखाद्या तालमीसमोर बंद पडली तर आपण पोरांना विचारायच्या आत गाडी चौकाच्या पलीकडं गेलेली असते. चहाचं बघा तेवढं.

पार्ट मिळत नाही म्हणून रडू नका, कोल्हापुरात राहून हे रडणं शोभत नाही. उद्यमनगरात लेथवाले आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत. दाराच्या बिजागरीचा बुश, गिअर लिव्हरची पिन, वॉटर पंपाचा शाफ्ट असलं काहीही बनवून मिळतं, फक्त जुना पार्ट फेकून देऊ नका, तुटलेला असला तरी माप त्याच्यावरनंच घेतात. ब्रेक आणि स्टिअरिंगचं मात्र काही बनवून घ्यायचं नाही, तिथं जुगाड चालत नाही, मिळेल तिथनं चांगल्या कंपनीचं नवं आणायचं.

आणि १५ वर्षं झाली की आरसी रिन्यू करायला आरटीओत न्यावी लागते, नंतर दर ५ वर्षांनी. आदल्या दिवशी हॉर्न, इंडिकेटर, वायपर, सगळे दिवे बघून घ्या. सकाळी लवकर जा, रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहू नका, आणि जमलं तर बरोबर दोन दणकट मित्र घ्या.