मराठी विकिपीडियावर तुमचा मजकूर कोणी काढला तर

खातं कसं उघडायचं, धूळपाटीवर सराव कसा करायचा, चर्चा पानावर (प्रत्येक लेखाला जोडलेलं, त्याबद्दल बोलायचं पान) चार टिल्डे (~~~~) देऊन सही कशी करायची, हे विकिपीडियाच्या कार्यशाळेत शिकवतात. ते इथे पुन्हा सांगत नाही. कार्यशाळेत न शिकवलेला प्रसंग असा: तुम्ही रात्री जागून आपल्या गावावर चार परिच्छेद लिहिता आणि सकाळी त्यातले दोन गायब असतात.

त्या वेळी 'उलटवा' (दुसऱ्याचा बदल रद्द करायची कळ) दाबू नका. अगदी दाबू नका. मी इथेच अडकले होते, म्हणून जरा लांबण लावते. तुम्ही उलटवता, समोरचा पुन्हा उलटवतो, आणि वाद लेखाच्या इतिहासात, म्हणजे बदलांच्या नोंदींत, सुरू होतो. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर 24 तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की खात्यावर बंदी येऊ शकते, आणि 'माझंच बरोबर होतं' हा बचाव सहसा चालत नाही. मराठीतही तिसरा माणूस इतिहास उघडतो तेव्हा आधी एवढंच बघतो की कोण सारखं उलटवतंय. तुमचा मुद्दा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय संपादन सारांशात (बदलासोबत लिहायच्या छोट्या टिपेत) रागाच्या भरात लिहिलेलं वाक्य तुम्हाला नंतर खोडता येत नाही. मुद्दा चर्चा पानावर मांडा आणि थांबा.

तिथे मांडायचं काय, हेही नव्या माणसाला उमगत नाही. 'मी याच गावची आहे, मला माहीत आहे' या वाक्याला तिथे किंमत नाही. स्वतःचं संशोधन चालत नाही आणि प्रत्येक विधान पडताळता आलं पाहिजे, या दोन नियमांमुळे तिथला वाद खरं काय यावर होतच नाही, छापलेलं कुठे आहे यावर होतो. एकदा हे कळलं की निम्मी भांडणं संपतात. पण यात अन्यायही आहे, आणि मला तो अजून सलतो. 1880 सालच्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटिअरमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहवून घेतलेली ओळ संदर्भ म्हणून पुढे करता येते. देवळातल्या गुरवाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जत्रेची हकिगत मात्र करता येत नाही. जातींवरच्या लेखांत इंग्रजीतले अनुभवी संपादक असले जुने ग्रंथ सहसा मानत नाहीत, म्हणजे हा प्रश्न त्यांनाही दिसलेला आहे. तरीही नियम मोडून ती हकिगत घुसवू नका. आधी ती एखाद्या जिल्हा दैनिकात किंवा चांगल्या दिवाळी अंकात छापून येऊ दे, आणि लेखिका तुम्हीच असाल तर संदर्भ स्वतः न जोडता चर्चा पानावर सुचवा.

आता धीराचं. तुम्ही चर्चा पानावर लिहिलंत आणि आठवडे उत्तर आलं नाही, तर कोणी तुमच्यावर डूख धरून बसलेलं नसतं. 2003 च्या 1 मेला सुरू झालेल्या या मराठी विकिपीडियाला प्रचालक (देखरेखीचे जादा अधिकार असलेले संपादक) आजही मूठभरच आहेत, आणि तेही नोकरीधंदा सांभाळून काम करतात. नियम बरेचसे इंग्रजीवरून आले, ते राबवायला लागणारी माणसं आली नाहीत. चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, दोन ओळींत, सौम्यपणे आठवण करा. मित्रांना व्हॉट्सअॅपवरून 'या, पाठिंबा द्या' असं बोलावू नका. तिथे डोकी मोजून निकाल लागत नाही, आणि एका दिवसात उघडलेली पाच खाती एकच सूर लावू लागली की तुमच्याबद्दल संशय येतो.

गुरू निवडताना माझा हट्ट एकच: ज्याचे लेख कधीच उडवले गेले नाहीत त्याच्याकडे शिकू नका. त्याला तुमचा संताप कळणार नाही. आणि पैसे घेऊन पान बनवून देणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. मोबदला जाहीर न करता संपादन करणं 2014 पासून विकिमीडियाच्या वापराच्या अटींविरुद्ध आहे. अशी पानं उडतात, खाती बंद होतात, आणि पुढे कधी तुम्ही प्रामाणिकपणे लिहायला आलात तरी चर्चा पानावर पहिला प्रश्न तोच येतो.

तुमच्या एखाद्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' असा साचा (तयार खूण) लागला तर मात्र आनंद माना. ते वाक्य काढलेलं नाही. गावच्या वाचनालयात जुन्या अंकांचे गठ्ठे असतात, तिथून सुरुवात करा.