विचित्र करार दिसला, तर आधी काय पाहावे

‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा बेसबॉल संघाचा कारभार सांभाळण्याचा संगणकावरचा खेळ ज्यांना चालवता येतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. संघ कसा निवडावा किंवा पडदे कसे उघडावेत हे येथे सांगितलेले नाही. हंगाम संपला की संगणक चालवत असलेले संघ असे काही निर्णय घेतात की पाहणारा चक्रावतो. चांगला खेळणारा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) सोडून दिला जातो, छत्तिशीतल्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, करार आणखी एका वर्षाने लांबवला जातो, आणि आपण सर्वांत मोठी रक्कम देऊ केलेली असतानाही खेळाडू दुसरीकडे सही करतो. ‘संगणक गंडला आहे, कमिशनर मोडमध्ये (लीगमधले काहीही बदलू देणाऱ्या सोयीत) जाऊन आकडे बदला’ हा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो आणि तो मला अजिबात मान्य नाही, कारण ज्याला करार वाचता येत नाही त्याला आकडे बदलूनही करार वाचता येत नाही.

पहिली पायरी म्हणजे आयपीएलचा हिशेब डोक्यातून काढणे. वडोदऱ्यात क्रिकेटवरच वाढलेल्या आपल्यासारख्यांना खेळाडू मोकळा केला की त्याची रक्कम पर्समध्ये परत येते, हेच स्वाभाविक वाटते. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतला बहुवर्षीय करार मात्र साधारणपणे हमीचा असतो आणि खेळाडूला काढले तरी उरलेले पैसे द्यावेच लागतात. न्यूयॉर्क मेट्सने २००० साली बॉबी बोनियाला सोडताना त्याचे देणे असलेले सुमारे ५९ लाख डॉलर व्याजासह पुढे ढकलले, त्यामुळे २०११ पासून दर १ जुलैला त्याला सुमारे ११.९ लाख डॉलर मिळतात आणि ते २०३५ पर्यंत मिळत राहणार आहेत. संगणकावरच्या खेळातही हीच पद्धत आहे, म्हणून न खेळणाऱ्या माणसाला संघ सांभाळत बसलेला दिसला तर त्याच्या कराराची उरलेली वर्षे आधी मोजावीत.

दुसरी पायरी सेवाकाळाची, म्हणजे मेजर लीगच्या संघात काढलेल्या दिवसांची. १७२ दिवसांचे एक वर्ष धरले जाते, साधारण तीन वर्षांनी पगार लवादाकडे जाऊ शकतो आणि सहा वर्षांनी खेळाडू मुक्त होतो. शिकागो कब्जने २०१५ साली क्रिस ब्रायंटला एप्रिलच्या मध्यावर खालच्या लीगमधून वर बोलावले आणि त्याचा सेवाकाळ १७१ दिवसांवर थांबला; एका दिवसाने त्याचे मुक्त होणे वर्षभर लांबले. सोडून दिलेला शॉर्टस्टॉप बहुतेक वेळा लवादाच्या वर्षातला असतो, आणि त्याचा अपेक्षित पगार त्याच्या खेळापेक्षा वेगाने वाढलेला असतो.

तिसरी पायरी स्काउटची, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्या माणसाची. आपल्याला दिसणारे गुण हे आपल्या स्काउटचे मत असते, समोरच्या संघाचा स्काउट वेगळे सांगत असतो. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी केलेली ५७७ धावांची भागीदारी आमच्याकडे अजूनही सांगितली जाते. असे आकडे मनात घर करतात, मात्र गेल्या हंगामाचे आकडे पाहूनच खेळाडू विकत घेण्याची सवय या खेळात महागात पडते. पैसे नाकारणाऱ्याच्या स्वभावात निष्ठा किंवा जिंकण्याची ओढ किती आहे हेही पाहावे, ते दिसत असेल तर.

खरी गुंतागुंत असते ती कराराच्या शेवटच्या वर्षाशी जोडलेल्या ऑप्शनमध्ये, म्हणजे ते वर्ष ठेवायचे की नाही हे ठरवण्याच्या हक्कात, आणि मलाही हा भाग बराच काळ नीट उलगडत नव्हता. दांडिया बाजारात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा मुलगा एकदा लॅपटॉप घेऊन वर आला आणि म्हणाला, “काका, या पहिल्या बेसमनची किंमत बाजारात १ कोटी ८५ लाख डॉलर आहे, आणि या संघाने त्याचा २ कोटींचा टीम ऑप्शन (संघाच्या हातातला ऑप्शन) घेतला. वेडे आहेत का हे?” मी त्याला ऑप्शनखालची बायआउटची, म्हणजे ऑप्शन नाकारल्यास द्यायच्या रकमेची, ओळ वाचायला सांगितली. तेथे २० लाख होते. ऑप्शन नाकारला असता तरी हे २० लाख द्यावेच लागले असते, म्हणजे त्याला ठेवण्याचा वाढीव खर्च १ कोटी ८० लाखच होता आणि संघाचा निर्णय बरोबर होता. बायआउट ही आधीच गेलेली रक्कम आहे, असे समजून ती दोन्ही पर्यायांतून वजा केल्याशिवाय कोणताही ऑप्शन चांगला की वाईट हे ठरवू नये.

प्लेअर ऑप्शनबाबत माझे मत कठोर आहे: तो देऊ नये. समजा पाच वर्षांच्या करारात शेवटचे वर्ष २ कोटी २० लाखांचे असून निर्णय खेळाडूच्या हातात आहे. चौथ्या वर्षी त्याने झकास खेळ केला तर तो ३ कोटींच्या शोधात निघून जातो. खांदा गेला तर तो आपल्याकडेच बसून २ कोटी २० लाख घेतो. चांगल्या निकालाचा लाभ आपल्याला होत नाही आणि वाईट निकाल पूर्णपणे आपल्या माथी येतो. ऑप्ट-आउटचे कलम हे निराळ्या नावाने आलेले हेच प्रकरण आहे, कारण तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडण्याची मुभा म्हणजे उरलेली सर्व वर्षे खेळाडूच्या मर्जीवर सोडणे होय. ‘असे कलम दिले की वार्षिक रक्कम कमी होते’ हा सल्ला अर्धवट आहे. ती रक्कम कितीने कमी झाली हे पाहावे, आणि बजेटमध्ये ती सर्व वर्षे पूर्ण देणे म्हणून धरूनच सही करावी.

वेस्टिंग ऑप्शनमध्ये ठरावीक प्लेट अपिअरन्स (फलंदाजीला येण्याच्या खेपा) किंवा पिचरच्या इनिंग्ज पूर्ण झाल्या की पुढचे वर्ष आपोआप लागू होते, म्हणून ऑगस्टमध्येच आकडा तपासावा. सप्टेंबरमध्ये एखादा संघ बऱ्या फलंदाजाला बाकावर बसवताना दिसला तर आधी हाच आकडा पाहावा. आपल्यालाही तसे करता येते, पण खेळाडूची नाराजी संघात पसरते, त्यामुळे स्पर्धेत टिकून असलेल्या संघाने ते टाळावे.

एवढे सगळे तपासूनही निर्णय पटत नसेल, तरच लीगच्या सेटिंगमधील खेळाडूच्या मूल्यांकनाचे भारांश उघडावेत. तेथे गुणांना आणि मागच्या हंगामांच्या आकड्यांना संगणकाने किती महत्त्व द्यायचे हे बदलता येते. हा बदल करारांचा काळ सुरू होण्यापूर्वी करावा, एका वेळी एकच भारांश हलवावा, आणि पुढचा पूर्ण ऑफ-सीझन संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये.