गारगोट्या घोळण्याआधी

टंबलर, म्हणजे दगड घोळायचा फिरता ड्रम, ही रानातले दगड घासून चकचकीत करायच्या या छंदातली सगळ्यात सोपी वस्तू. पैसे टाकले की घरी येते. ती मागवण्याआधी एक रिकामी गोणी आणि तीन टोपल्या काढून ठेवा, कारण माझ्या बहुतेक चुका यंत्रात नाही, टोपलीत झाल्या. महिनाभर ड्रम फिरवूनही वाईट दगड वाईटच राहतो, फक्त गुळगुळीत होतो.

गोणी घेऊन जायचं ते मे महिन्याच्या शेवटी. आमच्याकडे, प्रवरेच्या काठाला, नांगरट झालेली असते आणि एखादा वळीव पडून ढेकळं धुतली गेलेली असतात. सकाळी उन्हाकडे तोंड करून चाला. काळ्या मातीत मधाच्या रंगाचं काही पेटल्यासारखं दिसलं तर ते बहुतेक अकीक असतं, कारण त्यातून उजेड आरपार येतो आणि साध्या खड्यातून येत नाही. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, विरघळलेलं पाणी त्यांत थरांवर थर देत गेलं आणि अकीक, गारगोटी तयार झाली. पाषाण झिजून माती झाला तरी ही मंडळी कठीण म्हणून मागे उरली. शेतकऱ्याला विचारूनच रानात शिरा. रानातले दगड कमी होणार म्हणून तो सहसा खूश असतो, पण विचारायचं. विहिरीचा उपसा आणि नदीची वाळवंटं याही चांगल्या जागा. किल्ले, लेणी, अभयारण्य आणि लोणारचं सरोवर इथला खडाही खिशात घालू नका.

घरी आल्यावर सगळं धुऊन उन्हात पसरा आणि तीन टोपल्या भरा: घ्यायचे, नको ते आणि शंकेचे. ओला दगड सगळाच देखणा दिसतो, तेव्हा ओल्यावर निर्णय नको. फुटक्या बाटलीच्या काचेवर कोपरा दाबून ओढा. काचेवर चरा उठला तर दगड कामाचा. मग सुरीचं टोक दगडावर ओढा: दगडालाच ओरखडा गेला तर तो मऊ, नुसती करडी रेघ उठली तर झिजलं ते सुरीचं पोलाद, दगड पक्का. पांढऱ्या दगडावर लिंबू पिळून बघा. बारीक फेस आला की ते कॅल्साइट, चुन्याच्या जातीचं मऊ खनिज. ही परीक्षा मी पहिल्या वेळी केली नव्हती. गारगोटी समजून एक सुंदर दुधी तुकडा अकिकांबरोबर ड्रममध्ये टाकला. दहा दिवसांनी झाकण उघडलं तर आत ताकासारखा राडा आणि त्या तुकड्याची बदामाएवढी चपटी कपची. खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या मोह्सच्या मापात अकीक ६.५ ते ७ आणि कॅल्साइट ३, म्हणजे मी सात दिवस पैलवानाच्या तालमीत पोर सोडलं होतं आणि वर तीन दिवस विसरलो होतो. गुलाबी स्टिल्बाइट आणि तसले झिओलाइट गटातले स्फटिकही मऊच, म्हणून तेही बाहेर ठेवा. ते कपाटात शोभतात. ओळख पटत नसेल तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एक दुपार घालवा, नजर तयार होते. काळा पाषाण मात्र स्वतः एकदा घोळून बघायला हरकत नाही. छिद्रं आणि कमी-जास्त कठीण कण यांमुळे तो मऊसूत होतो, चमकत नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ती गोष्ट. प्रवरेकाठच्या नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी १९५४ ते ५६ मध्ये उत्खनन केलं, आणि या खोऱ्यात अश्मयुगातल्या माणसांनी याच अकिकाची आणि त्याच्याच जातीच्या, पण उजेड न जाणाऱ्या जास्परची हत्यारं केलेली सापडली. तेव्हा टोपलीतला एखादा तुकडा निसर्गानं नाही, माणसानं फोडलेला असू शकतो. पातळ, लांबट, दोन्ही कडा समांतर, एका अंगाला बारीक टवके ओळीनं काढलेले, असा तुकडा दिसला तर त्याला ड्रम दाखवू नका. सात दिवसांत ती धार पुसली जाते आणि परत येत नाही. रानात असतानाच शंका आली तर जागच्या जागी फोटो काढा, ठिकाण टिपून ठेवा, तुकडा तिथेच राहू द्या आणि जवळच्या पुरातत्त्वाच्या माणसांना कळवा.

उरलेल्यांतून भेगांचे दगड काढायचे. दगड भिजवून फडक्यावर ठेवा. पृष्ठभाग सुकला तरी भेग ओलीच राहते आणि काळ्या केसासारखी दिसते. अशा भेगेत घासायच्या भरड पावडरचा एक कण बसला तर शेवटच्या टप्प्यात तोच बाहेर येऊन सगळ्यांवर चरे काढतो. आकार सुपारीपासून लहान लिंबापर्यंत मिसळून घ्या. मोठा दगड फोडायचा असेल तर गोणपाटात गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क लावा. गुजरातेतल्या खंबायतच्या अकीक कारागिरांना या दगडाच्या कोरड्या धुळीनं सिलिकोसिस, म्हणजे फुफ्फुसांचा आजार, झाल्याचं जुनं दुखणं आहे. ड्रममधलं काम पाण्यात चालतं म्हणून धूळ उडत नाही, पण सांडलेला राडा वाळला की तीच धूळ, तेव्हा तो ओला असतानाच पुसा. पूर्वी त्याच खंबायतेत दोन माणसं समोरासमोर बसून मण्यांनी भरलेली कातड्याची पिशवी दिवसचे दिवस एकमेकांकडे लोटत असत. आपल्याला मोटर आहे.

पावडर चार प्रकारची लागते, घोळण्याच्या दर टप्प्याला एक. पहिल्या तीन सिलिकॉन कार्बाइडच्या, बाजारात कार्बोरंडम म्हणून मागा: ६०/९०, १२०/२२० आणि ५००. आकडा वाढेल तशी पावडर बारीक. पहिली बोटांत रव्यासारखी लागते, तिसरी मैद्यासारखी. चौथी पॉलिशची, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. प्रत्येकीचा डबा, चमचा आणि जुना टूथब्रश वेगळा ठेवा, झाकणांवर रंगाचे ठिपके द्या. एकच चमचा चार डब्यांत फिरवणाऱ्याला चकाकी मिळत नाही.

दीडेक किलोच्या ड्रमला पहिल्या टप्प्यात चार मोठे चमचे पावडर पुरते. ड्रम दोन तृतीयांश ते पाऊण भरा, आणि पाणी वरच्या दगडांच्या जरा खाली राहील इतकंच. दगड झिजून ड्रम रिकामा वाटू लागतो, म्हणून भरतीला सिरॅमिकच्या गोळ्या आधीच आणून ठेवा. प्रत्येक टप्प्याला साधारण सात दिवस धरा. पहिल्याला मात्र घाई नको: कोपरे राहिले असतील तर नवी पावडर घालून आणखी एक आठवडा द्या, कारण पुढचे टप्पे आकार देत नाहीत, फक्त आधीचे चरे मिटवतात.

धुण्यासाठी दोन बादल्या आणि एक चाळणी लागते, स्वयंपाकघरातली नको. राडा मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात तो सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी काढून खालचा गाळ ओलाच पिशवीत भरा, तोंड बांधा आणि कचऱ्यात टाका. यंत्रासाठी गच्चीवरची सावली किंवा बाल्कनीचा कोपरा बघा आणि खाली जुनी सतरंजी घाला, कारण ते रात्रंदिवस फिरतं आणि खालच्या मजल्यावर लोक झोपतात. वीज जाऊन आली की पट्टा फिरतोय का तेवढं बघा. अडकलेली मोटर जळते. पहिल्या टप्प्यात ड्रममध्ये कधी कधी वायू साठतो, म्हणून रोज एकदा झाकण सैल करा.

चकाकीची परीक्षा कोरड्या दगडावर, ट्यूबलाइटखाली घ्या. दगडात उमटलेल्या नळीची कड धारदार दिसली तर झालं. ओला दगड अजून कोरड्यापेक्षा चांगला दिसत असेल तर पॉलिश अपुरं आहे. शेवटी किसलेला साबण आणि पाणी घालून काही तास फिरवा. प्रत्येक खेपेतला एक दगड न घोळता ठेवून द्या, वहीत तारीख आणि गावाचं नाव लिहा.

मग झाकण घट्ट करा, बटण दाबा आणि दहा मिनिटं शेजारी बसून नुसतं ऐका. ठक, ठक असा एकेक दगड पडल्याचा आवाज आला तर ड्रम कमी भरलाय, आतले दगड फुटतील. थांबवा आणि मूठभर गोळ्या टाका. आवाज अगदीच दबका असेल तर जास्त भरलाय, दोन दगड काढा. सुपात धान्य घोळल्यासारखी एकसारखी सरसर सुरू झाली की उठायला हरकत नाही.