व्याकरण बरोबर, तरी वाक्य अवघडलेलं? इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

नोकरीच्या सुरुवातीला मी साहेबांना एक मेल पाठवला होता. सहकारी मला म्हणाला होता, की मी हे काम शुक्रवारपर्यंत संपवतो. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं: 'ही सेड दॅट आय विल फिनिश इट बाय फ्रायडे.' शुक्रवारी संध्याकाळी साहेबांनी काम माझ्याकडे मागितलं!

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्या इंग्रजी वाक्याचा अर्थच तसा होतो, की काम मी, म्हणजे मेल लिहिणारा, संपवणार. मराठीत 'की'च्या पुढे बोलणाऱ्याचे शब्द त्याच्या 'मी'सकट येऊ शकतात आणि आपला कुणाचाच गोंधळ होत नाही. इंग्रजीत 'दॅट' आला की सगळी सर्वनामं सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजायची: 'ही सेड ही वुड फिनिश इट बाय फ्रायडे.' बोलणं काल झालं म्हणून 'विल'चं 'वुड' झालं, ते वेगळं. प्रश्न सांगतानाही हाच घोळ होतो. 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग' यात 'की तू कुठे चाललास' सरळ दिसतं. तिथे 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग' हवं. 'दॅट'ला मुळात जागाच नाही.

रोज मराठी माणसांचं इंग्रजी वाचून दुरुस्त करणं हे माझं काम आहे. त्यात स्पेलिंगच्या किंवा काळाच्या चुका फार नसतात. शब्द चुकीच्या खुर्चीवर बसलेले असतात, नाहीतर चुकीच्या सोबतीने आलेले असतात.

खुर्चीचं महत्त्व का, ते पाहा. 'वाघाने हरणाला मारलं' हे 'हरणाला वाघाने मारलं' असं फिरवलं तरी मरतं हरीणच, कारण कोण काय करतो हे 'ने' आणि 'ला' सांगतात. इंग्रजीत 'द टायगर किल्ड द डिअर' उलटं करा, वाघ मेला. साधारण ११०० सालापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते आणि शब्दक्रमही बराच सैल होता. पुढच्या काही शतकांत प्रत्यय झिजले आणि ते काम जागेवर आलं. 'ही'चं 'हिम' होतं, 'दे'चं 'देम' होतं, ही त्या थाटाची खूण आता सर्वनामांत उरली आहे.

म्हणून 'मी काल त्याला भेटलो' याचं 'आय यस्टरडे मेट हिम' करू नका. 'काल' वाक्याच्या शेवटी जाईल किंवा अगदी सुरुवातीला, कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये नाही. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यातही सहसा काही घुसवू नये; 'शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश' नाही, 'शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली'. मात्र 'ऑलवेज', 'ऑफन', 'नेव्हर' ही मंडळी मधेच बसतात: 'शी ऑलवेज कम्स लेट', पण 'शी इज ऑलवेज लेट'. स्थळ आणि वेळ दोन्ही असतील तर मराठीत बहुधा वेळ आधी येते, इंग्रजीत स्थळ: 'वी मेट ॲट द स्टेशन ॲट फाइव्ह.'

आता 'च'. मराठी माणसाचं इंग्रजी ओळखायची माझी सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे वाक्याच्या टोकाला लटकलेला 'ओन्ली'. 'आय केम यस्टरडे ओन्ली.' 'आय टोल्ड हिम ओन्ली.' आपल्या 'च'ला इंग्रजीत एक ठरावीक शब्द नाही, आणि 'ओन्ली' म्हणजे मुळात 'फक्त'. 'आय टोल्ड हिम ओन्ली' वाचणाऱ्याला वाटतं, बाकी कुणाला सांगितलंच नाही. आपल्याला म्हणायचं असतं, अहो, त्यालाच तर सांगितलं होतं! प्रत्येक 'च' वेगळा उलगडावा लागतो. 'आत्ताच आलो'मधला 'च' म्हणजे 'जस्ट'. 'तोच माणूस' म्हणजे 'द सेम मॅन'. 'मी येणारच'साठी 'डेफिनिटली'. 'मीच केलं'साठी 'आय ॲम द वन हू डिड इट'. 'त्यालाच सांगितलं'साठी 'ही इज द वन आय टोल्ड'. आणि पुष्कळदा काहीच नको. बोलताना शब्दावर जोर द्यायचा, लिहिताना 'च' सोडून द्यायचा. सोडताना जीवावर येतं, मान्य आहे.

'ओन्ली' खरोखर 'फक्त' या अर्थी हवा असेल, तर तो कुणाला चिकटतो ते बघा. 'ओन्ली शी साइन्ड द लेटर' म्हणजे सही फक्त तिने केली. 'शी साइन्ड ओन्ली द लेटर' म्हणजे बाकी कागदांवर केली नाही. 'शी ओन्ली साइन्ड द लेटर' म्हणजे नुसती सही केली, मजकूर बहुधा दुसऱ्याचा. बोलताना इंग्रज माणूसही हे इतकं काटेकोर पाळत नाही. करार लिहिताना मात्र पाळलेलं बरं.

प्रश्नांत दोन उलट्या चुका होतात. 'तू उशिरा का आलास' यात मराठीत काही जागा बदलत नाही, म्हणून 'व्हाय यू आर लेट' येतं. ते 'व्हाय आर यू लेट' करायला शिकलो की पुढे सगळीकडे उलटापालट सुरू होते: 'कॅन यू टेल मी व्हेअर इज द स्टेशन?' इथे प्रश्न 'कॅन यू'मध्ये विचारून झाला आहे, पुढचा भाग साधा राहतो: 'व्हेअर द स्टेशन इज'.

शब्दांच्या सोबतीला मात्र नियम नाही, पाठच करावी लागते. आपण परीक्षा देतो, इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो. 'गिव्ह' केली तर तुम्ही शिक्षक झालात. स्वप्न आपण पाहतो, तिथे 'हॅव' करतात. चूक 'डू' होत नाही, 'मेक' होते. पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग', याला कारण विचारू नये. 'विषयावर चर्चा'मधला 'वर' 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट' होऊन येतो. तो काढा, 'डिस्कस'ला थेट कर्म लागतं. 'मला समजावून सांग'चं 'एक्सप्लेन मी' नाही, 'एक्सप्लेन इट टू मी'. 'मॅरीड'च्या पुढे 'विथ' नाही, 'टू'. आणि 'पासून' हा एक शब्द तिकडे दोन होतो: २०१५ पासून म्हणजे 'सिन्स', पाच वर्षांपासून म्हणजे 'फॉर', शिवाय क्रियापद 'आय ॲम लिव्हिंग' नाही, 'आय हॅव बीन लिव्हिंग'.

विशेषणांच्या क्रमाची फार धास्ती नको. आधी मत, मग आकार, वय, रंग, आणि नामाला चिकटून ती वस्तू कशाची ते. 'सुंदर जुनी लाकडी पेटी' आपणही याच क्रमाने म्हणतो, कान पुरतो.

सोबतीची शंका आली तर शब्दकोशात फक्त अर्थ बघून थांबू नका, खाली दिलेली उदाहरणं वाचा. त्याहून चांगलं म्हणजे खऱ्या मजकुराचे संग्रह. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या इंग्रजीचे सुमारे १० कोटी शब्द आहेत. अमेरिकन इंग्रजीच्या 'कोका' या संग्रहात १९९० पासूनचा मजकूर आहे आणि शब्दसंख्या १०० कोटींच्या वर. 'डिसिजन' टाकून त्याच्या आधी कोणती क्रियापदं येतात ते पाहिलं की 'मेक' आणि 'टेक' दोन्ही सापडतील, 'डू' नाही. साध्या सर्चमध्ये वाक्यांश दुहेरी अवतरणचिन्हांत टाकूनही अंदाज येतो. वर दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, पहिली दहा-बारा वाक्यं कुणी लिहिली आहेत ते बघा. आपल्यासारख्यांनीच लिहिलेली असतील तर शोध वाया गेला.

आजच करता येईल असं एक काम: पाठवलेल्या मेलमध्ये 'ओन्ली', 'डिस्कस अबाउट' आणि 'दॅट आय' शोधा. माझ्या मेलमध्ये टोकाला लटकलेला एक 'ओन्ली' परवाच सापडला.