रंगवलेल्या लाकडावर मेणबत्तीची काजळी बसलीय? या चुका टाळा

मेणबत्तीच्या वरचं शेल्फ, खिडकीची चौकट नाहीतर कपाटाचं दार काळं झालेलं दिसलं की आपला हात आधी ओल्या फडक्याकडे जातो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. बोटभर डाग हातभर होतो, मग तो जोरात घासायचा, मग अजून काहीतरी लावून बघायचं, आणि शेवटी काजळी तिथेच राहते, रंग मात्र निघून जातो.

काजळी म्हणजे मेण पूर्ण न जळल्यामुळे उडालेले कार्बनचे अतिशय बारीक कण, त्यांच्यासोबत थोडा मेणाचा चिकटपणा. हे कण जोपर्यंत वरवर बसलेत तोपर्यंत उचलता येतात, पण पाणी लावून दाबलं की त्यांची अक्षरशः शाई होते आणि ती रंगाच्या छिद्रांत जाऊन बसते. म्हणून जेवढं निघेल तेवढं आधी कोरडंच काढायचं, बाकी सगळं त्यानंतर.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर मऊ ब्रशचं तोंड लावा आणि ते लाकडावर टेकवू नका, जरासं वर धरून फिरवा, टेकवलं की तेच काळं पुढे ओढलं जातं. मग कोरडा रबरी स्पंज, ज्याला सूट स्पंज किंवा ड्राय क्लीनिंग स्पंज म्हणतात. यात लोक दोन गोष्टी हमखास चुकवतात, एक म्हणजे तो भांड्याच्या स्पंजसारखा ओला करतात (ओला झाला की त्याचा उपयोग संपला), आणि दुसरं म्हणजे गोल गोल घासतात. वरून खाली एकच सरळ पट्टा ओढायचा, उचलायचा, मग शेजारी दुसरा, आधीच्या पट्ट्यावर थोडासा चढवून. पहिल्याच पट्ट्यात स्पंजचं तोंड कोळशासारखं होतं आणि लाकडावर मूळ रंगाची रेघ दिसते, तेव्हा बरं वाटतं पण लगेच स्पंज पालटा, कारण त्याच काळ्या बाजूने पुढे गेलात तर काढलेलं परत लावताय. सगळ्या बाजू काळ्या झाल्या की कटरने वरचा थर कापून टाकायचा, आतून नवीन तोंड मिळतं.

आता ओलं काम, तेही रंग कुठला आहे ते बघून. कुठेतरी मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसावर थोडं रबिंग अल्कोहोल (म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन हलकं चोळा. कापसाला रंग लागला किंवा रंग चिकट झाला तर बहुतेक पाण्यातला ॲक्रिलिक आहे, काहीच नाही झालं तर ऑइल पेंट असण्याची शक्यता जास्त. ऑइल पेंट पुसणं जरा जास्त सहन करतो. ॲक्रिलिक, आणि त्यातही मॅट, जपूनच. चॉक पेंटवर (खडूसारखा दिसणारा एकदम मॅट रंग) वरून वॅक्स किंवा वॉर्निश नसेल तर तो पाणी पिऊन टाकतो, तिथे स्पंजवरच थांबलेलं बरं. लिटरभर कोमट पाण्यात भांड्याचा लिक्विड सोप अर्धा चमचा, बास. फडकं इतकं पिळा की थेंब पडता कामा नये, उभ्या दारावर खालून वर जा म्हणजे घाण पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर उमटणार नाहीत, मग साध्या पाण्याचं फडकं, मग लगेच कोरडं. सांध्यात आणि कडांना पाणी राहिलं तर लाकूड फुगतं आणि काही दिवसांनी तिथला रंग तडकतो, आणि मग आपण रंगाला नावं ठेवतो.

मॅजिक स्पंजबद्दल माझं मत जरा कडक आहे. तो पांढरा मेलामाइनचा स्पंज म्हणजे खूप बारीक पॉलिश पेपरच समजा, डाग जातो कारण रंगाचा वरचा थर जातो. ग्लॉसी रंगावर मंद चट्टा पडतो, मॅटवर उलट चकाकी येते, आणि तिरक्या उजेडात दोन्ही दिसतात. खायचा सोडा आणि टूथपेस्टचंही तेच. ब्लीच तर वापरूच नका, कार्बनचा काळेपणा त्याने उडत नाही, रंगाची मात्र वाट लागते, आणि वर कोणी त्यात व्हिनेगर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. थिनरने काजळी निघते हे खरं, पण बऱ्याचदा रंगही सोबत येतो.

मेणाचे थेंब पडले असतील तर ते गरम करून पुसू नका, रंगीत मेणाचा रंग आत मुरतो. पिशवीत बर्फ घालून थेंबावर ठेवा, कडक झालं की जुन्या प्लास्टिक कार्डाने अलगद उचला.

एवढं करूनही तपकिरी छटा राहिली, किंवा रंगाला फोड आलेत, तर ती काजळी नाही, रंग भाजलाय आणि तो पुसून जाणार नाही. तिथे परत रंगवावंच लागतं, पण डागावर थेट रंग मारू नका, काळपटपणा पुन्हा वर येतो. आधी साफ करायचं, पूर्ण वाळू द्यायचं, शेलॅकवाला (लाखेचा) स्टेन ब्लॉक प्रायमर, म्हणजे डाग वर येऊ न देणारं अस्तर, मारायचा, मग रंग. घर खूप जुनं असेल तर कोरडं सँडिंग करू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांसाठी तर फारच वाईट.

आणि साफ केल्यावर महिन्याभरात तीच जागा परत काळी होत असेल तर वात बघा. लांब वात आणि वाऱ्याने हलणारी ज्योत, काजळी मुख्यतः यामुळेच होते. प्रत्येक वेळी पेटवण्याआधी वात साधारण 6 मिलिमीटर ठेवून कापा, पंख्याच्या झोतात ठेवू नका, शेल्फच्या खाली तर नाहीच नाही, आणि सोया मेणाची आहे म्हणून धूर होणार नाही असं धरून चालू नका.