समुद्राच्या पाण्यासाठी ग्लोब व्हॉल्व्ह निवडताना

लाइन कोणत्या धातूची, प्रवाह कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, एवढं हातात असल्याशिवाय कॅटलॉग उघडू नका. नुसतं बंद-चालू करायचं असेल तर ग्लोब नकोच. तो प्रवाह कमी-जास्त करण्यासाठी असतो.

साइझ प्रवाहावरून काढा, पाइप बघून नाही. मोठा व्हॉल्व्ह जेमतेम उघडून चालवला की फटीतून सुटणारं पाणी सीट, म्हणजे डिस्क (झडप) जिथे टेकून बंद होते ती कडा, कापत जातं.

बॉडी पितळेची नको. त्यातलं जस्त निघून जातं आणि उरतं ते तांबूस, भुसभुशीत. माझी पसंती निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझला; मात्र पाण्याला सडक्या अंड्याचा वास असेल, म्हणजे सल्फाइड असेल, तर तेही नको. आणि लाइन सुपर ड्युप्लेक्सची, म्हणजे जास्त क्रोमियमच्या स्टेनलेसची, असेल तर व्हॉल्व्हही त्याचाच घ्या. तिथे ब्राँझ लावलं तर लाइन शाबूत राहते, व्हॉल्व्ह खाल्ला जातो.

आता स्पिंडल, म्हणजे चाकाने फिरणारा दांडा, आणि पॅकिंग, म्हणजे त्याच्याभोवती गळती अडवणारं भरण. इथेच मी फसलो. ‘316 म्हणजे मरीन ग्रेड’ हे ऐकून अख्खा 316 स्टेनलेसचा व्हॉल्व्ह बसवला, पॅकिंग ग्राफाइटचं. ग्लँड, म्हणजे पॅकिंग दाबून धरणारा भाग, गळायला लागली. नट आवळला, थांबली. परत गळली, परत आवळला. शेवटी स्पिंडल काढला. आटे चकचकीत, पण पॅकिंग बसतं तेवढ्याच पट्ट्यात टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, नख अडकेल एवढे. चूक दुहेरी होती. पॅकिंगखालच्या फटीत ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साचतं, स्टेनलेसचा संरक्षक थर तुटला की पुन्हा धरत नाही. त्यात ग्राफाइट स्टीलपेक्षा ‘उच्च’, म्हणजे खाऱ्या पाण्यात दोन्ही एकमेकांना लागले की झिजायचं स्टीलनेच. पिटिंगला (असे खड्डे पडण्याला) दाद न देण्याचा निर्देशांक समुद्राच्या पाण्यासाठी 40 च्या वर लागतो. 316 चा 25 च्या आसपास. बॉडी फार तर काही काळ तग धरेल, स्पिंडल नाही.

तेव्हा पॅकिंग पीटीएफईचं (टेफ्लॉनचं). गास्केटमध्येही ग्राफाइट नाही ना, हे विचारूनच घ्या. इथे बहुतेक जण गाफील राहतात. ब्राँझ बॉडीत स्पिंडल मोनेलचा (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचा), सुपर ड्युप्लेक्स बॉडीत सुपर ड्युप्लेक्सचा.

ऑर्डरवर ‘स्टेनलेस’ एवढंच लिहिलंत तर स्वस्तातलं येईल. बॉडी, डिस्क, सीट, स्पिंडल, प्रत्येकाचा ग्रेड वेगळा लिहा आणि सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (धातूच्या वितळीचा क्रमांक) बॉडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा.

बसवताना बॉडीवरचा प्रवाहाच्या दिशेचा बाण बघा. चाचणी समुद्राच्या पाण्याने केली असेल तर ते आत तुंबवून ठेवू नका. काढून गोड्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी.